भाऱ्यासोबत बाई

शोभा,

तू गेलीस त्याला महिना होत आला आणि कालपर्यंत मला रडू आलेलं नव्हतं. ऑफिसातल्या बायका माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलतात. कोणी चहा आणून ठेवतं, कोणी "मॅडम, तुम्ही घरी जा, आम्ही बघतो" म्हणतं. मी घरी जात नाही. घरी जाऊन काय करायचं? दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं चाललं होतं. जेवायचे, झोपायचे, चिकलठाण्याहून वेळेवर निघायचे, मशीनवर अंगठा लावायचे, जागेवर बसायचे. तुझ्या जागेकडे बघायचेसुद्धा. काही व्हायचं नाही.

त्या रविवारी सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. प्रल्हादभाऊ एवढंच म्हणाले, "वसुधाताई, शोभा गेली. मेथी निवडत बसली होती, तशीच भिंतीला टेकली." मी "बरं" म्हणाले. बरं हा काय बोलायचा शब्द झाला? पण मी तोच बोलले, फोन ठेवला आणि गॅसवरचं दूध उतरवून ठेवलं. मग रिक्षा करून मुकुंदवाडीला आले. तुझ्या दारात चपलांचा ढीग होता आणि मी माझ्या चपला नीट जोडीनं लावून ठेवल्या. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, ही बाई सरणावरसुद्धा पाय जुळवून झोपेल.

लोकांना वाटतं की सांख्यिकीच्या ऑफिसात आपण दिवसभर बेरजा करतो. तसं वाटू द्यायला माझी कधी हरकत नव्हती. तुझी होती. तुला प्रत्येकाला समजावून सांगायची भारी हौस. काही वर्षांपूर्वी जलवाहतुकीचा विषय आपल्या टेबलावर आला तेव्हा सगळं ऑफिस आपल्याला हसलं. नदीतून, कालव्यातून, जलाशयातून होडीनं किती माल जातो ते मोजायचं. साठेसाहेब म्हणाले होते, "ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं तुम्ही दोघी जहाजं मोजणार?" आणि खरंच, दर वर्षी आपल्या जिल्ह्याच्या ओळीत एकच शब्द जायचा: निरंक. म्हणजे काही नाही. तो शब्द लिहायला मला मनापासून आवडायचं. निरंक लिहिलं की शंका येत नाहीत, फोन येत नाहीत.

यंदा मात्र सगळ्या जिल्ह्यांना एकच नमुना आला. आजवर कोणी पोती मोजायचं, कोणी खेपा, कोणी ब्रास. आता सगळ्यांनी वजन टनात आणि अंतर किलोमीटरमध्ये लिहायचं, आणि माल कशाला म्हणायचं याची व्याख्याही सगळ्यांना एकच. मी तो कागद वाचून निरंक लिहायला पेन उघडलं, आणि तू माझ्या हातातून पेन काढून घेतलंस. "निरंक काय? माझी आई आठवड्यातून कितींदा होडीत बसते, विचार तिला."

तुझं माहेर फुगवट्याच्या पलीकडे. पैठणच्या धरणाचं पाणी मागं जिथवर पसरलंय त्याला तुमच्याकडे फुगवटा म्हणतात, हे मला तुझ्यामुळं कळलं. एवढी वर्षं या जिल्ह्यात काढून मी पैठणला साडी घ्यायला तेवढी गेले होते. रस्त्यानं तुझ्या गावाला जायचं तर अर्धा दिवस एसटीत जातो. होडीनं गेलं तर गाव समोर दिसतं. म्हणून सगळं होडीनं: कांदा, मोसंबी, खताच्या गोण्या, शेळ्या, नव्या नवऱ्यांच्या मोटारसायकली. आणि चारा. चारा तर रोज. पण पलीकडच्या काठाला उतरायला धड जागा नाही. गावानं पक्का धक्का मागितला की वरून उत्तर यायचं, या ठिकाणी मालवाहतुकीची नोंद नाही. नोंद कुठून असणार? नोंद करणाऱ्या आपणच, आणि आपण दर वर्षी निरंक लिहीत होतो.

तुला तो धक्का हवा होता. तू कधी लपवलं नाहीस. मी तोंडावर म्हटलं होतं, "शोभा, ज्याला आकड्यातून काही हवंय त्यानं आकडा गोळा करू नये." तू म्हणालीस, "मग तू ये बरोबर. तुला काहीच नकोय, तू लक्ष ठेव माझ्यावर." अशी मी त्या कामात आले. तुझ्यावर पहारा ठेवायला.

मोजणीच्या पहिल्या फेरीतली आपली फजिती आठवते? तू अलीकडच्या काठावर, मी पलीकडच्या. दिवसभर उन्हात बसून दोघींनी येणारी-जाणारी प्रत्येक होडी लिहिली. संध्याकाळी रज्जाकभाईच्या होडीत बसून बेरीज केली तेव्हा आपले डोळेच विस्फारले. तू म्हणालीस, "वसुधा, आपण मोठं बंदर आहोत गं." मीसुद्धा खूश झाले, खोटं कशाला बोलू. मग माझ्या यादीत लाल कपाट दिसलं. तुझ्याही यादीत लाल कपाट. लग्नात मुलीला दिलेलं, आरशाला गोधडी गुंडाळलेलं. मी म्हटलं, "एका दिवसात दोन लाल कपाटं?" तू माझी यादी ओढून घेतलीस. जे तुझ्या काठावर चढलं तेच माझ्या काठावर उतरलं, आणि आपण दोघींनी ते मोजलं. फक्त कपाटच नाही, सगळंच. एवढ्या शिकलेल्या, एवढ्या वर्षांच्या नोकरीच्या दोन बायका, आणि माल चढताना मोजायचा की उतरताना हे ठरवायचंच विसरलो. रज्जाकभाई इंजिन धरून हसत होता. "मॅडम, मेरेकू पूछते तो मैं एकच बार बताता था." त्या दिवशी मी इतकी हसले की माझी सासू नंतर विचारत होती, ऑफिसात काय पार्टी होती का.

शोभा, त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. मी त्या टेबलाला कंटाळले होते. तू मला चिखलात नेलंस, उन्हात बसवलंस, तुझ्या डब्यातला ठेचा खायला लावलास, आणि ती नोकरी मला पुन्हा आवडायला लागली. यासाठी आभार मानायचे असतात हे मला सुचलंच नाही.

मग आपण ताणकाटा नेला. बाभळीच्या फांदीला तो बांधून प्रत्येक भाऱ्याचं वजन करायचं ठरवलं. पहिल्या-पहिल्या बायका हसत थांबल्या. मग ती उंच, काळीसावळी बाई आली, डोक्यावर उसाच्या वाड्यांचा, हिरव्या शेंड्यांचा, हा एवढा भारा. तू म्हणालीस, "मावशी, जरा खाली ठेवा, वजन करायचंय." ती चालता चालताच म्हणाली, "खाली ठिवला तर परत डोक्यावर कोन देनार? तुमी देता का?" तू "देतो की" म्हणालीस. वजन झालं. मग तू एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तो भारा उचलला आणि मला पुढचे दोन दिवस मान वळवता आली नाही. ती बाई होडीत बसली, भारा मांडीवर घेतला, कारण मोटारसायकलीनं जागा अडवली होती. तू लिहायला वही उघडलीस आणि मी म्हणाले, "हे धरायचं नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला.

व्याख्येत स्पष्ट होतं: प्रवाशानं स्वतःसोबत नेलेलं सामान माल म्हणून धरू नये. मोटारसायकल माल. गोण्या माल. बाई प्रवासी, आणि तिच्या मांडीवरचा भारा तिचं सामान. यात मी काही कठोर बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. तू मात्र भडकलीस. "ती बाई कशासाठी होडीत बसली? भाऱ्यासाठी. भारा नसता तर ती घरी असती. मग कोण कोणासोबत चाललंय? बाईसोबत भारा नाही, भाऱ्यासोबत बाई चाललीय. लिहायचंच असेल तर तिला सामान लिही."

बोलायला ते फार छान होतं. पण मी तुला सांगितलं आणि परत परत सांगितलं, सगळ्यांनी एकच मोजमाप वापरायचं म्हणजे आपल्याला पटेल तेवढं नाही. दुसऱ्या जिल्ह्यात मांडीवरचं धरत नाहीत. आपण धरलं तर आपला आकडा त्यांच्या शेजारी ठेवताच येणार नाही. असा आकडा असण्यापेक्षा नसलेला बरा. तू म्हणायचीस, "तुझ्या व्याख्या लिहिणाऱ्यानं कधी होडीत भारा पाहिलाय का?" मी म्हणायचे, "तुझ्यासारख्या प्रत्येकीनं आपल्या आईला बघून व्याख्या बदलायची म्हटली तर ऑफिस बंद करूया." महिनोन्‌महिने हेच. बसमध्ये हेच, कॅन्टीनमध्ये हेच. लोकांना वाटायचं आपलं भांडण झालंय. भांडण नव्हतं ते. माझ्याशी इतकं लावून धरून कोणी बोलत नाही गं, घरीसुद्धा.

आणि तुलाही माहीत होतं की सगळं त्यावरच अडलंय. मांडीवरचे आणि डोक्यावरचे भारे काढले की उरतं काय? थोड्या गोण्या, थोड्या गाड्या. टनात मांडलं की इतकं किरकोळ होतं की वरचे लोक ते निरंकमध्येच ढकलून देतात. भारे धरले तर आकडा उभा राहतो. धक्क्याची मागणी त्या आकड्यावर उभी राहते. त्यात आणखी एक गोम होती, ती तूच मला दाखवलीस. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. होडीचा पल्ला कमी होतो म्हणून कागदावर वाहतूक कमी दिसते. पण तेव्हाच काठावरचा चिखल वाढतो आणि भारा डोक्यावर घेऊन त्या चिखलातून चालायचं अंतर वाढतं. ते अंतर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शेवटच्या शुक्रवारी आपण जिन्यात उभ्या होतो. उन्हाळ्याची फेरी तेवढी राहिली होती. तू म्हणालीस, "परवा आई चिखलात पडली. भाऱ्यासकट. काही मोडलं नाही, पण तासभर तिथंच बसून होती." मग म्हणालीस, "आणि तू तिला मोजणार नाहीस." मी म्हणाले, "शोभा, हे असं नको आणूस मध्ये. सोमवारी बोलू." तू पर्स खांद्याला लावलीस आणि उतरून गेलीस. रागावली होतीस का? मला तुझी फक्त पाठ दिसली. पाठीवरून काय कळतं.

तुझ्या जलदानविधीला मी आले होते. पांढरी साडी माझ्याकडे नव्हती, मोतिया रंगाची नेसले. भंतेजींनी वंदना सुरू केली, सगळे एका आवाजात म्हणत होते, मला शब्द येत नव्हते म्हणून हात जोडून बसले. तुझ्या आईनं मला स्वतःशेजारी बसवून घेतलं. त्या रडत नव्हत्या. आम्ही दोघी कोरड्या डोळ्यांनी बसलो होतो आणि आमच्या आजूबाजूला सगळं घर हुंदके देत होतं. जेवताना त्या म्हणाल्या, "उद्या मला गावाला जायाचंय. शेळ्या शेजारनीकडं ठिवल्यात." प्रल्हादभाऊ सोडायला निघाले होते, मी म्हटलं मी जाते. मला उन्हाळ्याची फेरी करायचीच होती. होय शोभा, मी तुझ्या आईला पोचवायला निघाले आणि पिशवीत नोंदीचे कागद घेऊन निघाले. तुला यात नवल वाटणार नाही.

एसटीनं पैठणच्या पुढं, मग काठापर्यंत जीप. पाणी खूप मागं गेलं होतं. चिखल वरून वाळलेला आणि आतून ओला, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जायचा. तुझी आई माझ्यापुढं चालत होती आणि वळून वळून मला सांगत होती, "इथं नगं, हितनं ये. माझ्या पावलावर पाऊल दे." रज्जाकभाईनं आम्हाला पाहिलं आणि इंजिन बंद केलं. तू गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. होडीत चार बाया होत्या, सगळ्यांजवळ चारा. तुझी आई बसल्या बसल्या त्यातल्या एकीला म्हणाली, "दे की यातला थोडा, पोरीच्या मागं चार दिस शेळ्या उपाशी असतील." त्या बाईनं आपला आख्खा भाराच पुढं केला. ठेवायला जागा नव्हती, तो माझ्या मांडीवर आला.

मी मध्येच बसले होते, दोन्ही हातांनी भारा धरून. चाऱ्याचं पाचट मानेला टोचत होतं. लिहायचं होतं पण हात मोकळे नव्हते. होडी निघाली. मग तुझ्या आईनं माझ्याकडे न बघता विचारलं, "शोभी म्हनायची, आमची मोजनी चाललीया. झाली का मंग?"

मी म्हटलं, "होत आली, आई."

"मला धरलंय का त्यात?"

मला त्यांना सांगता आलं असतं की प्रवाशांचा तक्ता निराळा असतो. तो आपल्या ऑफिसचा नसतो. सोबतच्या सामानाचा नियम असा असा आहे. सगळं तोंडपाठ आहे मला. पण मी म्हणाले, "व्हय आई, धरलंय." माझ्या तोंडून व्हय निघालं याचंही मला काही वाटलं नाही.

त्या म्हणाल्या, "बरं झालं. लई फिरली ती ह्याच्यापायी."

पलीकडे उतरल्यावर मी त्यांच्या डोक्यावर भारा चढवून दिला आणि काठावर बसून लिहायला घेतलं. भारे चार. तुझ्या आईचाही. रकाना: माल. मग मागच्या सगळ्या फेऱ्यांच्या नोंदी काढल्या. तू प्रत्येक भारा टिपून ठेवला होतास आणि मी प्रत्येकासमोर लाल पेनानं 'धरू नये' लिहिलं होतं. ते सगळे मी बेरजेत घेतले. हे करताना हात थरथरला, डोळे भरून आले, असं लिहायला चांगलं दिसलं असतं. तसं काही झालं नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शब्द दिला की तो पाळायचा असतो, एवढंच डोक्यात होतं.

तक्ता पाठवला. काल वरून फोन आला. कोणी नवे साहेब असावेत, आवाज तरुण होता. "मॅडम, तुमच्या जिल्ह्याचा आकडा चुकलाय का? गेली सगळी वर्षं निरंक आहे." मी म्हटलं चुकला नाही. त्यांनी तपशील विचारला. चारा कसा काय, होडीवाल्यानं भाडं घेऊन नेलाय की बायकांनी स्वतःजवळ ठेवलाय? मी म्हटलं स्वतःजवळ. ते म्हणाले, "मग ते सोबतचं सामान झालं. व्याख्या बघा." मला व्याख्या बघा म्हणत होते.

आणि मग शोभा, मी बोलले. तू जे जे बोलायचीस ते सगळं बोलले. भारा नसता तर ती बाई घरी असती. भाऱ्यासोबत बाई चाललीय. चिखलातलं अंतर सांगितलं, ताणकाटा सांगितला, भारा खाली ठेवला तर परत कोण चढवणार ते सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण साठेसाहेब केबिनमधून बाहेर आले. शेवटी ते साहेब म्हणाले, "ठीक आहे मॅडम, आकडा राहू द्या. फक्त खाली तळटीप लिहून पाठवा, भारे का धरले त्याची." धक्का होईल की नाही माहीत नाही. तळटीप वाचून कोणीतरी पुन्हा खोडेलही. पण आज आपल्या जिल्ह्यासमोर निरंक नाही.

फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाणी प्यायले आणि तळटीप लिहायला कागद पुढं ओढला, आणि एक ओळ लिहून थांबले. कारण मला ती पटत नव्हती. शोभा, मला अजूनही पटत नाही. तुझ्या बाजूनं मी भांडले, जिंकलेसुद्धा, पण ते साहेब जे म्हणत होते तेच बरोबर होतं. सगळ्यांनी एकसारखं मोजायचं तर मांडीवरचं धरता येत नाही. मी आधीपासून हेच सांगत आलेय. मग मला रडू आलं, सगळ्या ऑफिसासमोर, इतकं की बायका धावत आल्या आणि मला धरून बसल्या. त्यांना वाटलं तुझी आठवण आली. मला एवढंच कुणालातरी सांगायचं होतं की नियमानं तू चूक आहेस, आणि ते ऐकून माझ्यावर चिडणारं या ऑफिसात कोणी नाही.

तू चूक आहेस, शोभा. आता बोल.